चोवीस डोळ्यांचं दालन

पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात एक अजब स्टुडिओ होता. आत शिरलं की वर काचेचा घुमट, खाली गोल दालन आणि मधोमध चौथरा. चौथऱ्याच्या बरोब्बर वर छतातून चांदीचा एक गोळा टांगलेला. गिऱ्हाइकानं त्या गोळ्याखाली उभं राहायचं, टोपी, हात, झग्याच्या चुण्या हव्या तशा सावरायच्या आणि काही सेकंद हलायचं नाही. कॅमेरा कुठंच दिसत नसे, कारण कॅमेरे भिंतीत दडवलेले होते. गोल भिंतीत दर पंधरा अंशांवर एक, असे २४. एका इशाऱ्यासरशी सगळ्यांची तोंडं उघडत आणि मिटत. गिऱ्हाईक घरी जाई. पुढे त्याच्या हाती पडे तो स्वतःचा पुतळा.

या स्टुडिओचा मालक फ्रांस्वा विलेम मुळात शिल्पकार. त्याच्या पद्धतीचं पेटंट १८६० सालचं. मागच्या कारखान्यात एकेक फोटो मॅजिक लँटर्ननं, म्हणजे त्या काळच्या प्रोजेक्टरनं, पडद्यावर मोठा करून पाडत. समोर बसलेला कारागीर पँटोग्राफचं एक टोक त्या आकृतीच्या कडेकडेनं फिरवी आणि दुसऱ्या टोकाला लावलेलं पातं ओल्या मातीच्या गोळ्यात तीच कड कापत जाई. एक फोटो झाला की मातीचा पाट पंधरा अंशांनी फिरवायचा आणि पुढचा फोटो लावायचा. फेरी पुरी झाली की मातीतून माणूस उभा राही. टांगलेल्या गोळ्याचं काम इथं कळतं. तो गोळा म्हणजे सगळ्या फोटोंचा समाईक मध्य. तो नसता तर एका फोटोतला माणूस दुसऱ्या फोटोतल्या माणसावर बसवायचा कसा, हा प्रश्न सुटला नसता.

कवी तेओफिल गोतिए यानं १८६४ साली या कलेवर भरभरून लिहिलं. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात ही शिल्पं मांडली गेली. पण दशक संपता संपता धंदा बसला. कडा कापून मिळालेल्या मातीवर धारांच्या रेघा उरत, त्या हातानं घासाव्या लागत. त्याहून मोठी अडचण भूमितीची होती. बाह्यरेषेत फुगवटे दिसतात, खळगे दिसत नाहीत. डोळ्यांच्या खोबणी, नाकाशेजारचा उतार, कानातली वळणं कुठल्याही कोनातून घेतलेल्या कडेत उतरत नाहीत. तेव्हा चेहरा शेवटी कारागिरालाच घडवावा लागे, आणि कारागिराला पगार द्यावा लागे. बाह्यरेषांवरून जास्तीत जास्त किती आकार हाती लागू शकतो, याचं नेमकं गणित इटलीच्या आल्दो लॉरेंतिनी यांनी १९९४ साली मांडलं. विलेमच्या कारागिरांना ते बोटांनी ठाऊक होतं.

अनेक कॅमेऱ्यांतून वस्तू उभी करण्याच्या सगळ्या इतिहासाचा उगम मला विलेमच्या दालनात दिसतो. एकाच वस्तूकडे एकाच क्षणी अनेक बाजूंनी बघायचं आणि त्या सगळ्या बघण्यांचा मेळ घालून वस्तू पुन्हा उभी करायची, ही कल्पना तिथं पुरी होती. डोळे हवे तेवढे मिळत होते. मेळ घालायला मात्र एक पँटोग्राफ आणि काही थकलेले हात, एवढंच होतं. पुढची दीडशे वर्षं माणसं झगडली ती मुख्यतः या मेळाशी.

खळग्यांचं उत्तर खरं तर विलेमच्या आधीच लंडनमध्ये सापडलं होतं. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिलं की, दोन डोळ्यांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या वेगळेपणातूनच आपल्याला अंतर कळतं. हात लांब करून अंगठा धरावा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटावा. अंगठा उडी मारतो, पलीकडची भिंत जवळपास जागच्या जागी राहते. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. सरकणं मोजलं की अंतर निघालं. हे गणित शाळकरी त्रिकोणमितीचं आहे. अवघड आहे ती त्याच्या आधीची पायरी: डाव्या चित्रातला हा ठिपका म्हणजे उजव्या चित्रातला नेमका कोणता? अंगठ्याबाबत शंका येत नाही. पण पांढऱ्या भिंतीवरचा एक बिंदू, झाडाच्या हजार पानांतलं एक पान, सदऱ्यावरच्या पट्ट्यांतली एक पट्टी यांची जोडी कशी लावायची? आपला मेंदू हे न सांगता करतो. यंत्राला ते शिकवायला विसावं शतक जवळजवळ सरलं. तोवर विमानातून काढलेल्या जोडफोटोंवरून नकाशे करणारे लोक एका यंत्राला डोळे लावून बसत आणि एकेक बिंदू स्वतःच्या नजरेनं जुळवत.

कॅमेऱ्यांची रांग यानंतर दिसते ती कॅलिफोर्नियात, पालो आल्टोच्या घोड्यांच्या फार्मवर. रेल्वेत गडगंज पैसा कमावलेले माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे बघायचं होतं. एडवर्ड मायब्रिजनं जून १८७८मध्ये धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीनं मांडले आणि त्यांच्या शटरना जोडलेल्या तारा पट्टीवर आडव्या ताणल्या. सॅली गार्डनर ही घोडी तारा तोडत गेली आणि सुमारे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाला एक, असे फोटो निघत गेले. पाय सुटतात, हे सिद्ध झालं. ही गोष्ट सिनेमाच्या इतिहासात सगळे सांगतात. त्यापुढची फारशी सांगितली जात नाही. १८७९ साली मायब्रिजनं पाच कॅमेरे अर्धवर्तुळात ठेवून एका खेळाडूचे एकाच क्षणी पाच बाजूंनी फोटो घेतले. घोड्याच्या वेळी त्यानं काळाचे तुकडे केले होते. या वेळी त्यानं क्षण थांबवला आणि क्षणाभोवती फेरी मारली. त्या पाच फोटोंच्या मधल्या जागेत काय दिसलं असतं, हे सांगणारं गणित मात्र त्याच्याजवळ नव्हतं.

त्याच फार्मवर १८९१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू झालं. तिथली माणसं आवाराला अजून ‘द फार्म’च म्हणतात. या जमिनीकडे आपल्याला परत यायचं आहे.

मधल्या काळात एक झेप फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमन यांनी घेतली. १९०८च्या मार्चमध्ये त्यांनी विज्ञान अकादमीपुढे एक फोटोची काच सुचवली. तिच्या अंगावर माशीच्या डोळ्यासारखी असंख्य चिमुकली भिंगं असतील. प्रत्येक भिंगामागे स्वतःच्या जागेवरून दिसणारं छोटं चित्र उमटेल. तीच काच मागून उजळली की किरण आल्या वाटेनं परत जातील आणि बघणाऱ्याला चष्म्यावाचून वस्तू हवेत उभी दिसेल. मान हलवली तर तिची दुसरी बाजूही दिसेल. त्याच वर्षी त्यांना रंगीत छायाचित्रणासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही दुसरी कल्पना त्याहून खोल होती, असं माझं मत आहे, पण ती कागदावर राहिली. तेवढी बारीक आणि एकसारखी भिंगं तेव्हा कोण घडवणार? शिवाय ज्या बाजूनं फोटो घ्यायचा तिच्या उलट बाजूनं तो बघायचा असल्यानं पुढचं मागे आणि मागचं पुढे दिसे. हा घोळ निस्तरायचा तर किरण मोजून, उलटवून पुन्हा मांडायला हवेत. ते काम काचेच्या आवाक्यातलं नव्हतं, आकड्यांच्या होतं.

आकडे आले ते पिट्सबर्गला. जपानमध्ये वाढलेले आणि क्योटो विद्यापीठात शिकलेले ताकेओ कानाडे १९८० पासून कार्नेगी मेलन विद्यापीठात होते. जोडी लावण्याच्या प्रश्नाची खरी कोंडी त्यांच्या लक्षात आली होती. दोन कॅमेरे जवळजवळ ठेवले तर दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, ठिपके सहज जुळतात. पण सरकणं इतकं थोडं असतं की अंतर ढोबळ निघतं. कॅमेरे लांब ठेवले तर अंतर काटेकोर निघतं, पण चित्रं इतकी बदलतात की जुळणी चुकते. मासातोशी ओकुतोमी यांच्यासोबत १९९३ साली कानाडे यांनी यावर तोड मांडली. कॅमेरे दोनच का घ्यायचे? जवळचे, मधले, लांबचे असे अनेक घ्यायचे आणि प्रत्येक जोडीला विचारायचं, हा ठिपका अमुक अंतरावर असेल तर तुझ्या चित्रात जुळतो का? एकेकट्या जोडीला अनेक खोटी उत्तरं पटतात. सगळ्या जोड्यांची मतं एकत्र केली की खोटी उत्तरं विखुरतात आणि खरं अंतर तेवढं वर येतं.

हे तंत्र घेऊन १९९५च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एक घुमट उभा राहिला, पाच मीटर व्यासाचा, त्यावर आतल्या बाजूला रोखलेले ५१ कॅमेरे. प्रकल्पाचं नाव ‘व्हर्च्युअलाइज्ड रिअ‍ॅलिटी’. विलेमचं दालन परत आलं होतं, फक्त भिंतीतल्या डोळ्यांना आता विजेच्या तारा होत्या. एवढ्या कॅमेऱ्यांचं चित्रण एकाच वेळी गिळण्याची ताकद तेव्हाच्या संगणकांत नव्हती, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला घरोघरी असायचा तसला व्हीसीआर जोडला होता. चित्राच्या प्रत्येक चौकटीवर वेळेची खूण उमटे, आणि नंतर टेपा एकेक करून संगणकात भरल्या जात. चांदीच्या गोळ्यानं जागेचा मध्य दिला होता; या खुणेनं काळाचा दिला. मग जुळणी, मग अंतरं, मग आकार. बॅट फिरवणाऱ्या खेळाडूभोवती, जिथं कुठलाच कॅमेरा नव्हता अशा वाटेनंही, फेरी मारता येऊ लागली. कानाडे यांच्याबरोबर हे काम करणाऱ्यांत पीटर रँडर आणि पी. जे. नारायणन होते. नारायणन पुढे हैदराबादच्या आयआयआयटीचे संचालक झाले. १९९८पर्यंत व्हीसीआर गेले आणि ४९ कॅमेऱ्यांची नवी खोली १७ पीसींवर थेट चित्रण उतरवू लागली.

जगाला हे तंत्र कळलं ते दोन तमाशांतून, आणि दोन्हींत मूळ गोष्ट थोडी हरवली. १९९९च्या ‘द मॅट्रिक्स’ सिनेमात गच्चीवर मागे वाकलेल्या नायकाभोवती आपण फिरतो आणि गोळ्या हवेत तरंगतात. ते १२० फोटो-कॅमेऱ्यांच्या वळणदार रांगेनं टिपलं होतं, दोन टोकांना दोन सिनेकॅमेरे. दोन फोटोंमधली चौकट संगणकानं भरली आणि मागची शहराची पार्श्वभूमी फोटोंवरून संगणकात बांधली. दुसरा तमाशा २८ जानेवारी २००१ रोजी टॅम्पाच्या स्टेडियममध्ये झाला. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात सीबीएस वाहिनीनं कानाडे यांच्या मदतीनं तीसहून अधिक यांत्रिक कॅमेरे मैदानाच्या कडेनं वर बसवले होते. एक माणूस मुख्य कॅमेरा फिरवी आणि बाकीचे हुकमाच्या ताबेदारासारखे त्याच जागेकडे वळत. रिप्लेत खेळ थिजे आणि नजर खेळाडूंभोवती गरकन फिरे. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. पण त्या फेरीत आकार उभारलेलाच नव्हता. एका कॅमेऱ्यावरून शेजारच्यावर उडी, तिथून पुढच्यावर, एवढंच. मधली जागा रिकामीच होती.

याच सुमारास पालो आल्टोच्या त्या फार्मवर, स्टॅनफर्ड विद्यापीठात, वेगळाच विचार रुजत होता. आकार उभारायलाच हवा का? मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहान यांनी १९९६ साली म्हटलं, नको. वस्तूपासून निघणारे किरण कुठून कुठं जातात याची नोंद ठेवा. नव्या जागेवरून बघायचं असेल तेव्हा त्या जागेतून जाणारे किरण नोंदीतून उचला आणि चित्र मांडा. ठिपके जुळवण्याची कटकटच नाही. किरणांच्या या भांडाराला प्रकाशक्षेत्र म्हणतात. त्याची शास्त्रीय मांडणी रशियन अभ्यासक आंद्रेइ गेर्शुन यांनी १९३६ साली केली होती. लेव्हॉय आणि हॅनरहान यांनी ज्या परिषदेत आपला विचार मांडला त्याच १९९६च्या परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या गटानंही असाच विचार मांडला. स्टॅनफर्डच्या पहिल्या प्रयोगात यंत्राच्या हातावर एकच कॅमेरा होता. तो जागा बदलत खेळण्यातल्या एका सिंहाचे फोटो घेत गेला. सिंह हलत नव्हता म्हणून हे जमलं. हलत्या माणसांसाठी सगळे कॅमेरे एकदम हवेत.

बेनेट विल्बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून कॅमेऱ्यांची भिंत बांधली, वेबकॅमच्या दर्जाचे स्वस्त, सुमारे शंभर कॅमेरे आणि त्यांचं चित्रण उतरवायला चार पीसी. स्वस्त मालाचे सगळे रोग त्यात होते. एकाचा रंग पिवळट, दुसऱ्याचा निळसर. कुणी किंचित खाली वाकलेला, कुणी तिरपा. या वर्षांतली बरीच मेहनत कॅमेऱ्यांना एका माळेत ओवण्यात गेली, आणि ती मेहनत मला या साऱ्या कामाचं मर्म वाटते. एकदा माळ जमली की भिंत वेगवेगळी सोंगं घेऊ लागली. ५२ कॅमेऱ्यांची शटरं आळीपाळीनं उघडली तर सेकंदाला १५६० चौकटींचा वेगवान कॅमेरा झाला आणि फुगा फुटताना दिसू लागला. कॅमेरे लांबरुंद पसरले तर भिंतीएवढ्या रुंदीचं एकच भिंग झालं.

या दुसऱ्या सोंगाची करामत बघण्यासारखी होती. झुडपांमागे माणसं उभी. कुठल्याही एका कॅमेऱ्यातून पानं आणि पानांच्या फटीतले कपड्यांचे कपटे, एवढंच दिसतं. आता प्रत्येक चित्र त्या कॅमेऱ्याच्या जागेनुसार ठरावीक अंतर सरकवायचं, असं की मागच्या माणसांच्या अंतरावरचं सगळं एकमेकांवर बसावं, आणि मग चित्रांची सरासरी घ्यायची. माणसं बसली म्हणजे ठळक होतात. पानं पुढं असल्यानं बसत नाहीत. प्रत्येक चित्रातलं पान वेगळ्या जागी पडतं आणि पातळ होत होत धुक्यासारखं विरतं. कुडाच्या कुंपणालगत भरभर चालत जाताना पलीकडचं अंगण दिसू लागतं, तसंच हे. २००४ सालच्या वैभव वैश व सहकाऱ्यांच्या लेखात ही चित्रं आहेत. सरकवणं आणि बेरीज, एवढंच गणित. विलेमच्या कारकुनालाही ते समजलं असतं. फक्त लक्षावधी ठिपक्यांसाठी करायला त्याचा जन्म पुरला नसता.

आपल्याकडे मात्र कॅमेऱ्यांच्या मेळाची ओळख झाली क्रिकेटमधून. इंग्लंडच्या पॉल हॉकिन्स यांची ‘हॉक-आय’ यंत्रणा मे २००१मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत प्रथम टीव्हीवर आली. मैदानाभोवती उंचावर कॅमेरे, प्रत्येकाच्या चौकटीत चेंडू शोधायचा, प्रत्येक कॅमेऱ्यातून चेंडूकडे एक रेषा काढायची. रेषा भेटतात तिथं चेंडू. कानाडेंना छळणारी जुळणी इथं उरतच नाही, कारण मैदानात चेंडू एकच असतो. ३० मार्च २०११ला मोहालीत, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, २३ धावांवर असलेल्या सचिन तेंडुलकरला पंच इयन गूल्ड यांनी सईद अजमलच्या चेंडूवर पायचीत दिलं. सचिननं दाद मागितली. पडद्यावर चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून गेला, निर्णय फिरला, सचिन ८५ धावा करून गेला आणि भारत २९ धावांनी जिंकला. पडद्यावर चेंडूची वाट दाखवणाऱ्या त्या रंगीत पट्ट्यात दोन वेगळ्या गोष्टी सलग जोडलेल्या होत्या. पॅडवर आदळेपर्यंतची वाट कॅमेऱ्यांनी पाहिलेली होती. पॅडपासून स्टंपपर्यंतची वाट कुणीही पाहिली नव्हती. ती आधीच्या वाटेवरून काढलेली होती. पाकिस्तानी चाहत्यांचा आक्षेप होता तो नेमका या दुसऱ्या भागावर, आणि प्रश्न म्हणून तो मला रास्त वाटतो.

स्टॅनफर्डमध्ये रेन अंग या विद्यार्थ्यानं २००५ साली कॅमेऱ्यांची भिंत एका कॅमेऱ्याच्या पोटात घातली. सेन्सरपुढे चिमुकल्या भिंगांची जाळी, २९६ उभी, २९६ आडवी. लिपमनची माशी शंभर वर्षांनी डोळे उघडून बसली. फोटो आधी काढायचा आणि फोकस कुठं हवा ते नंतर ठरवायचं, हे त्यामुळे शक्य झालं. किंमतही चुकवावी लागली: १६ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरून शेवटी जे चित्र निघे ते २९६ बाय २९६ ठिपक्यांचं. त्यांच्या लिट्रो कंपनीचा कॅमेरा २०१२ साली बाजारात आला, २०१८ साली कंपनी मिटली. नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर यांनी अशोक वीरराघवन आदींसोबत २००७ साली याच कोड्यासाठी ही चिमुकली भिंगंही काढून टाकली. सेन्सरजवळ नक्षी छापलेली एक पारदर्शक पट्टी ठेवायची. वेगवेगळ्या कोनांतून आलेले किरण नक्षीची वेगवेगळी सावली पाडतात, आणि फूरिये गणितानं त्या सावल्या सुट्या करता येतात.

त्यानंतर कॅमेरे मांडायचीही गरज उरली नाही. २००९ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटानं इंटरनेटवरून रोम शहराचे दीड लाख फोटो उतरवले. हजारो अनोळखी पर्यटकांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या उन्हात काढलेले. कुठला फोटो कुठून काढला हेही ठाऊक नव्हतं; ते आणि कोलोसियमचा आकार, दोन्ही संगणकानं एकाच हिशोबात, एका दिवसात काढलं. २०२० साली बर्कलीच्या बेन मिल्डेनहॉल आदींनी, आणि त्यांत रेन अंगही होते, ‘नर्फ’ ही रीत आणली. जागेतल्या कुठल्याही बिंदूचा रंग काय आणि तिथं किती दाट काही आहे, हे एका न्यूरल नेटवर्कला अंदाजानं सांगायला लावायचं. त्यावरून फोटो घडवून खऱ्या फोटोशी ताडायचं. चूक निघेल तसा अंदाज सुधारायचा. हे हजारो वेळा झालं की काचेवरची चमक, केसांच्या बटा, जे कानाडेंच्या घुमटाला कधीच धड जमलं नाही, तेही उभं राहतं.

आज घरातल्या फोनवर वस्तूभोवती फिरून असा त्रिमितीय नमुना तासाभरात करता येतो. करून पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास भेटते. समोरून मूर्ती हुबेहूब, आणि मागच्या बाजूला, जिथं आपण फिरलोच नाही तिथं, हवेत तरंगणारे मळकट पुंजके. फोटोंत न दिसलेल्या जागेबद्दल यंत्रानं काहीबाही ठरवून टाकलेलं असतं आणि उपलब्ध फोटोंशी त्याचं भांडण नसतं, म्हणून ते टिकतं. या कामातली मंडळी त्यांना ‘फ्लोटर’ म्हणतात. ते पुसून काढण्याच्या पुष्कळ युक्त्या निघाल्या आहेत. खात्रीची युक्ती एकच: मूर्तीच्या मागे जाऊन आणखी दहा-वीस फोटो घ्यायचे.